शेवटची मॅच मुलांची, तर शिट्टीही मुलांचीच

मा. संपादक यांस,


फेब्रुवारी उजाडला की पुण्याच्या खडकी, रेंजहिल्स, बोपोडी भागातल्या मुलांच्या फुटबॉलचा हंगाम आवरायला लागतो. वार्षिक परीक्षा तोंडावर येतात, पालक क्लासच्या वेळा सांगू लागतात आणि कोच मंडळी समारोपाची मॅच ठरवतात. अलीकडे काही ठिकाणी 'ही मॅच मुलंच चालवणार' असं जाहीर होतं. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात कॅप्टनच्या दंडावर पट्टी येते, नाणेफेक त्याच्या हातून होते आणि तिथेच त्याचं राज्य संपतं. संघ सरांनी लावलेला असतो, कुणाला बाहेर काढायचं हे सर ठरवतात, शिट्टी सरांच्या मित्राकडे असते. माझी तक्रार या अर्धवटपणाबद्दल आहे. नेहमीसारखी मॅच घ्यायची तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. पण मुलांचं नाव पुढे करून मोठ्यांनी खेळू नये.

द्यायची तर मॅच पूर्ण द्या. संघ पाडणं, गोलकीपर ठरवणं, बदली खेळाडू आत-बाहेर करणं, हँडबॉल झाला की नाही याचा निकाल, हाफ टाइमला काय बोलायचं, सगळंच.

हे का हवं ते कळायला रविवारी सकाळी कुठल्याही मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून ऐकावं. 'पास दे!', 'मार ना!', 'मागे ये, अरे मागे!' एकाच मुलाला कोच पुढे पिटाळतोय, बाबा मागे बोलावतायत आणि आई पाणी पी म्हणतेय. पायाशी बॉल आला की बारा वर्षांच्या मुलाने मान वर करून मैदान बघायला हवं. तो बघतो टचलाइनकडे. हंगामभर आपण त्याला तीच सवय लावलेली असते.

रेफ्री नसला की नुसता गोंधळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी या खेळाचा इतिहास चाळावा. 1863 मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनने जे पहिले नियम केले त्यांत रेफ्रीचा उल्लेखही नाही. वाद झाला तर कॅप्टन आपसात मिटवत. पुढे दोन्ही संघांचा एकेक अंपायर आला. त्या दोघांचं जुळेना तेव्हा विचारायला म्हणून बाहेर तिसरा माणूस बसवला, तो रेफ्री. त्याला मैदानात उतरवून सगळे अधिकार दिले ते 1891 मध्ये. (ते साहेब लोक होते, त्यांचं वेगळं, असं कुणी म्हणेल. भांडायचे तेही, म्हणून तर रेफ्री आला.) आजही जर्मनीत लहान मुलांच्या 'फेअर प्ले लीग'मध्ये रेफ्री नसतो. दोन्ही कोच एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी उभे राहतात आणि पालकांना मैदानापासून लांब थांबवलं जातं. आखन भागातल्या राल्फ क्लोर यांनी ही पद्धत सुरू केली ती टचलाइनवरच्या मोठ्यांच्या आरडाओरड्याला कंटाळून.

'ते जर्मनीत ठीक आहे हो!' हे उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून नागपूरला जाऊ. विजय बारसे यांनी उभी केलेली 'स्लम सॉकर' ही संस्था 'झुंड' सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झाली. पण तिथे खेळल्या जाणाऱ्या 'फुटबॉल थ्री' या प्रकाराची चर्चा सिनेमाबरोबर झाली नाही. त्यात सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात, मग खेळतात आणि शेवटी पुन्हा बसून कोण ठरल्याप्रमाणे खेळलं यावर बोलतात, एकमेकांना गुण देतात. हे गुण गोलांवर मिळालेल्या गुणांत मिळवले जातात, त्यामुळे जास्त गोल मारणारा संघही मागे पडू शकतो. मध्यस्थ असतो, पण तो निर्णय देत नाही, बोलणं घडवून आणतो. ही पद्धत मूळची कोलंबियातल्या मेडेयिन शहरातली. 1994 मध्ये आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा तिथे खून झाला, त्यानंतर टोळ्यांच्या हिंसाचारात वाढणाऱ्या मुलांसाठी ती आकाराला आली. तिथे जे चाललं ते खडकी बाजारच्या मुलांना झेपणार नाही, हे मला पटत नाही.

खरं तर मोठ्यांविना खेळणं खडकीला नवीन नाहीच. धनराज पिल्ले इथलाच, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेला. तुटक्या स्टिक आणि टाकून दिलेले बॉल घेऊन चिखलात खेळता खेळता हॉकी शिकला आणि चार ऑलिंपिक खेळला. पण 'आमच्या वेळी कुठे होते सर?' असं अभिमानाने म्हणणाऱ्या माझ्या पिढीने बाकीचंही आठवावं. त्या मैदानांवर मुली जवळपास नसायच्या. जाड, चष्मेवाला किंवा नव्याने बदली होऊन आलेल्या घरातला मुलगा नाल्यातून बॉल काढून आणायला असायचा. आणि त्याच मैदानावर कुणाच्या तरी धाकट्या भावाला लिंबूटिंबू म्हणून घेतलं जायचं, त्याच्यावर राज्य यायचं नाही. हा नियम कुठल्या कमिटीने केला नव्हता. दयाही मुलांचीच होती आणि दादागिरीही.

म्हणून मोठ्यांनी दोनच गोष्टी आधी ठरवून द्याव्यात आणि मग बाजूला व्हावं. प्रत्येक जण किमान निम्मा वेळ खेळलाच पाहिजे, मुलींसह, ही पहिली. दुसरी सुरक्षेची. पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि दुखापतीचा निर्णय मोठ्यांकडेच राहावा. डोक्याला मार बसला तर कॅप्टन काहीही म्हणो, त्या दिवशी ते मूल परत आत जाणार नाही. यावर मुलांचं मत विचारायचं कारण नाही.

संघ पाडण्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते इथे. दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहून एकेक नाव घेतात, आणि शेवटी जो उरतो त्याला अख्ख्या टीमसमोर आपली किंमत कळते. हे बंद करता येतं. दोघा कॅप्टननी आदल्या दिवशी एकत्र बसून दोन संघांच्या याद्या करायच्या. कोणती यादी कुणाची, ते मैदानावर नाणं उडवून ठरेल. मग दोघंही झक मारत समतोल संघ करतात, कारण कमजोर यादी आपल्याच वाट्याला आली तर काय, ही धास्ती दोघांनाही असते. सात-सात जणांची मॅच, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. बाहेर बसलेल्यांतल्या एकाकडे घड्याळ आणि वही, बदल्यांचा हिशोब त्याच्याकडे. शिट्टी हवीच असेल तर तीही हाफ टाइमला दुसऱ्याकडे जाईल. इथली बरीच मैदानं लष्कराच्या, फॅक्टरीच्या नाहीतर कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या ताब्यात आहेत, ठरल्या वेळेला ती सोडावीच लागतात. ती घाईही मुलांनीच सांभाळावी.

'मग आम्ही फी कशाची भरतो? सर काय करणार?' हा प्रश्न येणारच. सरांनी वही घेऊन झाडाखाली बसावं आणि गप्प राहावं. हंगामभर काय शिकवलं याची ही तोंडी परीक्षा आहे आणि विद्यार्थी ते स्वतः आहेत. वादग्रस्त गोल झाल्यावर चौदा मुलांना सरांशिवाय खेळ पुन्हा सुरू करता येत नसेल, तर तो निकाल मुलांचा नाही. मुलं भांडतील, पाच-सात मिनिटं वायाही जातील. जाऊ द्या. रडीचा डाव खेळणाऱ्याचं काय करायचं हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, कारण उद्या त्याच्याशी खेळायचं असतं ते त्यांनाच.

पालकांसाठी एकच अट. समोरच्या बाजूला, मैदानापासून पंधरा पावलं मागे, आणि टाळ्यांखेरीज आवाज नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तेवढा वेळ खडकी बाजारात भाजी घेऊन यावी.

राहता राहिले प्रमुख पाहुणे. त्यांना बोलवायचं की नाही हेसुद्धा मुलांना विचारावं. बोलवलं, तर भाषण मॅचनंतर, आणि त्याची वेळ त्याच मुलाच्या घड्याळावर, ज्याच्याकडे बदल्यांचा हिशोब आहे. शिट्टीही त्याच्याजवळ असू द्यावी.

आपला,
एक पालक
रेंजहिल्स, खडकी