गोश्त आपका, हड्डी हमारी

मुलाचे नाव घालायला आलेला बाप आजही आम्हाला म्हणतो, 'सर, गोश्त आपका, हड्डी हमारी.' म्हणजे हवे तितके मारा, हाडे तेवढी परत करा. आणि आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक हसून मान डोलावतो. 'चाचा, आम्हाला गोश्त नको' असे आमच्यापैकी कोणी म्हणत नाही.

बी.एड.च्या परीक्षेत पेस्टालॉझी आणि फ्रोबेलवर आम्ही पाने भरून लिहिले. नोकरी लागली आणि पहिली हाती घेतली ती छडी. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. छडी कपाटात गेली, जीभ मात्र मोकळीच राहिली.

पाचवीत आलेले दहा वर्षांचे पोर 'कलम'ला 'खलम' म्हणते, 'जी'ऐवजी 'हौ' म्हणते. ही त्याच्या अम्मीची दखनी बोली. आम्ही साऱ्या वर्गापुढे त्याची नक्कल करतो. कोकणातल्या मुलीच्या तोंडून घरचा शब्द निसटला की 'ये क्या जबान है?' म्हणून तिला दटावतो. त्या दिवशी ते मूल शुद्ध उच्चार शिकत नाही, गप्प बसायला शिकते. आणि मग आम्हीच स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हणतो, 'कौम में तालीम का शौक नहीं.'

सच्चर समितीने 2006 साली सांगितले की 6 ते 14 वयोगटातील 25 टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. गरिबी हे कारण आहेच, सरकारची अनास्थाही आहे. पण आमच्या वर्गातून रडत गेलेले आणि परत न आलेले मूल कोणाच्या खात्यावर मांडायचे?

'धाक नसेल तर मुले शेफारतात', असे आमचे दीनदार सहकारी म्हणतात. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) खिदमत केली. त्या काळात आपल्याला एकदाही 'उफ्' ऐकावे लागले नाही, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. मग वर्गात ओरडण्याची ही सुन्नत आम्ही कोठून आणली? ज्यांनी 'इस्लामी संस्कृती' लिहिली ते साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत. त्याने त्यांचा मान कमी झाला नाही.

वर्ग मोठे आहेत, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे गळ्यात पडतात, ही तक्रार खरी आहे. पण हजेरी घेताना मुलाच्या तोंडाकडे पाहायला जादा वेळ लागत नाही. तीन दिवस न आलेल्या मुलाचे घर गाठायला एक संध्याकाळ पुरते. 'बेटा, कुछ खाके आया?' असे विचारायला शासन निर्णय लागत नाही. आणि आमची चूक झाली तर वर्गातच 'माफ कर' म्हणायलाही काही खर्च येत नाही.

आमच्यापैकी अनेकांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत आहेत. तिथे त्यांच्यावर कोणी आवाज चढवला की दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतो. मग हमालाचे, यंत्रमाग कामगाराचे मूल तेवढे अपमान गिळायला जन्माला आले आहे काय?

येत्या जूनमध्ये पुन्हा कोणी बाप तेच वाक्य म्हणेल. तेव्हा आम्ही त्याला सांगायला हवे: 'भाई, गोश्तही तुमचे, हाडेही तुमचीच. आम्हाला त्याचा हात तेवढा द्या.'