नफ्याचा सातबारा

एक देश एका वर्षात २६ टक्क्यांनी श्रीमंत झाला. थाप नाही. देश आयर्लंड, साल २०१५. जुलै २०१६ मध्ये तिथल्या सरकारी आकडेखात्यानं जाहीर केलं, जीडीपी २६.३ टक्के वाढला. मी नाक्यावरच्या कॉमर्सवाल्या पोराला म्हटलं, मग तिथल्या कामगाराचा पगारही तेवढाच वाढला असेल की! तो नुसता हसला.

वाढले होते कागद. कर कमी म्हणून बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं, हक्क आयर्लंडच्या नावावर चढवले. दुसऱ्याच देशात कंत्राटावर बनलेला, आयर्लंडच्या मातीला न लागलेला माल आयर्लंडची निर्यात म्हणून मोजला गेला. आपल्याला यात नवं काय? राबला आपला बाप, सातबाऱ्यावर नाव पाटलाचं.

अ‍ॅपलचंच घ्या. युरोपीय आयोगानं २०१६ साली हिशेब मांडला : तिच्या एका आयरिश कंपनीनं २०१४ मध्ये दर दहा लाख युरो नफ्यावर कर भरला ५० युरो. बहुतेक नफा ज्या हेडऑफिसच्या नावे लावला होता, ते कुठल्याच देशात नव्हतं. ना जागा, ना एक माणूस. आमच्या आईला रेशनकार्डासाठी राहत्या जागेचे पुरावे आणा म्हणतात, नफ्याला पत्ता नसला तरी चालतं.

आयोग म्हणाला, १३०० कोटी युरो वसूल करा. तर आयर्लंडचं सरकार कोर्टात गेलं, पैसे नकोत म्हणून! सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च कोर्टात हरलं, तेव्हा कुठं पैसे पदरात पडले. भीती एकच, कंपनी उठून दुसरीकडं जाईल. या भीतीनं देशोदेशीची सरकारं एकमेकांखाली बोली लावतात. आपल्याकडंही सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. गुंतवणूक येईल, असं सांगितलं गेलं. पोरांनी स्कॉलरशिप मागितली की तिजोरीत खडखडाट असतो.

आयर्लंडच्या आकडेखात्याला मात्र लाज वाटली असावी. २०१७ पासून ते परक्या कंपन्यांचा हा पसारा वजा करून वेगळा आकडा छापतं. २०१६ सालचा तो आकडा जीडीपीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरला. असा वजाबाकीचा आकडा आपणही मागायला पाहिजे : वाढीतलं किती मजुरीत गेलं, किती नफ्यात, आणि तो नफा कुठल्या देशाच्या वहीत.

रविवारी बसू. कॉमर्सवाला पोरगा ताळेबंद वाचायला शिकवणार आहे. वही आणा, चहा आमचा.