मजुरी सुटावी, मातीचा अभ्यास सुटू नये

आसेगाव परिसरातील पालकांना मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी विचारले की उत्तरे ठरलेली असतात : पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, अभियांत्रिकी. माती, पाणी, गवत, गुरे आणि माणूस यांचे परस्परसंबंध उलगडणारी परिस्थितिकी मुलांनी विद्यापीठात शिकावी, असे कोणी म्हणत नाही. कारण उघड आहे. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात निंदण करण्यात गेल्या, त्यांना माती म्हटली की मजुरीच आठवते.

काही वर्षांपूर्वी बारावीतील एका विद्यार्थिनीने मारवेल, पवन्या अशी अनेक गवते वहीत चिकटवून आणली होती. नावे आजीने सांगितलेली. "सर, याचे शिक्षण असते का?" असे तिने विचारले. आम्ही तिला डी.एड.चा मार्ग दाखविला. आज ती सुखात आहे. तरीही आमचे उत्तर चुकले, ही खंत आम्हास आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच खेडे सोडावयास सांगितले. खरे आहे. 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही. भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावर ठरते. शेतीवरील जादा हात उद्योगांकडे वळवावेत, हा त्यांचा उपाय होता. परंतु कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी जमिनीच्या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही, हे आपण विसरतो. जमिनीवरची मजुरी सोडणे आणि जमिनीचा अभ्यास सोडणे या भिन्न गोष्टी आहेत.

गायरानाचा प्रश्न घ्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 व 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पुढे 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. मात्र भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे अपवादांत गणले.

आता दुसरी बाजू. झुडपी माळ शासनाच्या नकाशात 'पडीक' म्हणून नोंदला जातो. आपल्याच जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यात मात्र अशाच माळावर काळवीट जगतात. मग कोणते गायरान नांगराखाली यावे, कोणते गवतासाठी राखावे, कोणती बरड जमीन नांगरताच पावसात वाहून जाईल? भूमिहीनाची भाकरी आणि माळाचे गवत, दोन्ही खरी आहेत. हा निवाडा मोजमापे व अहवालांवर होतो. ते अहवाल लिहिणाऱ्यांत आपली मुले नसतील, तर आपल्या वाट्याला केवळ 'अतिक्रमणधारक' हे नाव उरेल.

मार्ग दूर नाही. अकोल्यास 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथे मृदाशास्त्र शिकता येते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, वर्षाकाठी निदान एका मुलाला वा मुलीला या वाटेवर धाडावे, तिच्या प्रवेशाचा खर्च वाटून घ्यावा. आजीला ठाऊक असलेल्या गवतांची नावे नातीच्या प्रबंधात उतरली पाहिजेत. त्या वहीचे ऋण आमच्यावर अद्याप बाकी आहे.