एम.ए.ला नाव घालण्याआधी

पदवीचा निकाल लागला की बहुतेक घरांत सल्ला ठरलेला असतो, 'एम.ए.ला नाव घालून ठेव, पुढचं पुढे बघू.' पुण्यात तर अनेक मुले वसतिगृहातली जागा मिळावी म्हणून प्रवेश घेतात आणि अभ्यास करतात एमपीएससीचा. त्यांना दोष देववत नाही, पण उमेदीची दोन वर्षे अशी खर्ची पडतात.

प्राध्यापकीच्या आशेने एम.ए. करणाऱ्यांची वाट आणखी बिकट. सेट-नेट उत्तीर्ण होऊनही अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे काम येते. शिकवले तेवढ्या तासांचेच मानधन, तेही अनेकदा रखडलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे. गावाकडे मात्र 'पोरगा प्राध्यापक झाला' असे कौतुक चाललेले असते.

विषयाची खरी ओढ असेल त्याने एम.ए. जरूर करावे, अशा विद्यार्थ्यांवाचून विद्यापीठे ओस पडतील. आता तर वेगळा मार्गही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार चार वर्षांची पदवी घेतली तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पुरे करता येते; 75 टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.साठीही पात्र ठरता येते. हे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन नीट समजावणारे किती जण आहेत?

महाविद्यालयांनी एवढे तरी करावे: आपल्याकडून गेल्या 5 वर्षांत एम.ए. झालेल्यांपैकी किती जण कोणत्या कामात, किती पगारावर आहेत, याचा तक्ता नावे न देता प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावावा. यंदापासूनच.