दीड कोटी रंग आणि फ्यूज एकही नाही

आमच्या सोसायटीचा वॉचमन सभ्य माणूस आहे. गावाकडचं लग्न उरकून आम्ही तिसऱ्या रात्री एसटीने परतलो, तेव्हा त्याने आधी बॅगा उचलल्या, लिफ्टचं दार धरलं आणि मग खालच्या आवाजात सांगितलं, “साहेब, परवा रात्रभर तुमची गाडी डिस्को करत होती. काल दुपारी आपोआप थांबली.”

आपोआप थांबली म्हणजे बॅटरी मेली. सकाळी किल्ली फिरवली तर स्टार्टरने नुसतं ‘टक्’ केलं. हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमेल असा आहे. मी हौसेने गाडीत पाच मीटरची रंगीत एलईडी पट्टी बसवून घेतली होती. डॅशबोर्डखाली, सीटखाली, चारही दारांत तुकडे करून. या पट्टीच्या मीटरभर लांबीत ६० दिवे, आणि तिन्ही रंग पूर्ण पेटले की मीटरमागे १४.४ वॅट. पाच मीटरचे ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपियर. रंग एकेक करून फिरत राहिले तर २ अँपियर. माझी बॅटरी ३५ अँपियर-तासांची. सतरा तासांत खेळ खलास.

मग गाडीतले दिवे पेटवले कोणी? सी विंगमधला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा स्वतःहून वर आला. “काका, सॉरी. माझ्या बाइकलापण तोच कंट्रोलर आहे. अ‍ॅपमध्ये दोन सेम नावं दिसत होती. माझी बाइक लागेना, म्हणून मी तीन-चार वेळा दाबलं.”

त्याला मी काय बोलणार? चूक त्याच्या बोटाची नव्हती. माझ्या गाडीने त्याला आत घेतलं, ‘तू कोण’ असं एका शब्दाने विचारलं नाही. धर्मशाळेतसुद्धा नाव-गाव लिहून घेतात. माझ्या कंट्रोलरने तेवढाही शिष्टाचार पाळला नाही.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं. त्याने विखुरलेली माणसं एका छत्राखाली आणली म्हणून जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव दिलं. छान. पण राजाने राज्य जोडलं म्हणजे राजवाड्याचं दार उघडं टाकलं, असं कोणी सांगितलं नाही. कमी वीज खाणारं ब्लूटूथ २०१० साली आलं तेव्हापासून त्यात जोडणीचा परवलीचा आकडा आहे, संदेश कुलूपबंद करण्याची सोय आहे. कुलूप आहे, किल्ली आहे, फक्त ते लावायचे कष्ट कंट्रोलर बनवणाऱ्याने घेतले नाहीत. जो पहिला येईल तो मालक. दुसऱ्याने पकडलेला असेल तर मालकाला स्वतःची गाडी फोनवर दिसतसुद्धा नाही. मी गावाला गेलो होतो म्हणून बॅटरीवर निभावलं. रात्री महामार्गावर सत्तरच्या वेगात असताना शेजारून जाणाऱ्या टवाळाने माझ्या पायाशी पांढरा लखलखाट सोडला असता तर?

आणि ते अ‍ॅप! दिवा लावायला त्याला माझं लोकेशन हवं. हे एकवेळ समजू शकतो, कारण अँड्रॉइडच्या सहा ते अकरा या आवृत्त्यांत आसपासचं ब्लूटूथ शोधायचं तर ती परवानगी लागायचीच. गाण्याच्या तालावर दिवे नाचवायचे तर मायक्रोफोन लागतो, हेही मान्य. पण माझ्या फोनमधले नंबर कशाला? माझ्या सासूबाईंच्या नंबराचा आणि माझ्या गाडीच्या जांभळ्या रंगाचा काय संबंध? जिथे एक बटण पुरत होतं तिथे आता फोन काढा, लॉक उघडा, अ‍ॅप उघडा, जाहिरात बघा, कनेक्ट होण्याची वाट बघा, मग चकतीवर बोट फिरवून रंग निवडा. हे सगळं कुठे? तर स्टिअरिंगमागे बसून. बटण अंधारात बोटाला सापडतं. काचेवरची चकती सापडत नाही, तिच्याकडे बघावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचा ट्रक ब्रेक मारतो.

पण ब्लूटूथ ही वरची साय. खरी नासाडी खाली होती. बॅटरी बदलायला आलेल्या वायरमनने डॅशबोर्डखालचं पॅनेल उतरवलं आणि नुसतं “अरारारा” म्हणून मला हाक मारली. आत जे होतं त्याला वायरिंग म्हणणं म्हणजे गुंत्याला वेणी म्हणणं. करंट घेतला होता केबिनच्या दिव्याच्या तारेवरून, म्हणजे किल्ली काढली तरी कायम जिवंत असणाऱ्या तारेवरून. कंपनीच्या तारेचं साल दाढीच्या ब्लेडने सोललेलं, त्यावर पट्टीची तार पिळून गुंडाळलेली, वर काळी टेप. पुण्याच्या उन्हात बंद गाडीत टेपचा गोंद पाघळला होता आणि टेप केळीच्या सालीसारखी लोंबत होती. सोल्डर नाही, लग नाही, स्लीव्ह नाही. अर्थिंग प्लास्टिकमध्ये घुसलेल्या, पत्र्याला जेमतेम टेकलेल्या एका स्क्रूला! आणि फ्यूज? शोधत बसलो दोघं. नव्हताच.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण नव्वद टक्के हौशी लोकांचा इथेच घोळ असतो. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. तार किती अँपियर झेपवू शकते त्यापेक्षा कमी आकड्याचा फ्यूज उगमाजवळ बसवायचा, म्हणजे कुठे शॉर्ट झालं तर तार तापायच्या आत फ्यूज उडतो. गाडीचा मूळचा फ्यूज कंपनीच्या जाड तारेच्या मापाने ठेवलेला असतो. त्याच्या पुढे तुम्ही केसासारखी बारीक तार जोडलीत, तर शॉर्टमध्ये तो जाड फ्यूज ढिम्म बसतो आणि बारीक तार लालबुंद होते. जिथे फ्यूज नसतो तिथे तारच फ्यूज होते. फरक एवढाच की फ्यूज आपल्या खोक्यात वितळतो, आणि तार तुमच्या सीटकव्हरच्या फोमखाली.

एक तुलना करा. जुन्या पद्धतीच्या हॅलोजन हेडलाइटचा बल्ब ५५-६० वॅटचा. त्या एका बल्बसाठी कंपनी वेगळा फ्यूज देते, योग्य जाडीची तार देते, पाणी न शिरणारं कनेक्टर देते. माझी पट्टी पूर्ण पेटली की ७२ वॅट. हेडलाइटपेक्षा जास्त भार, आणि त्याची सोय काय? दाढीचं ब्लेड आणि टेप.

त्यात १२ व्होल्ट हा आकडासुद्धा लबाड. इंजिन चालू झालं की आल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. पट्टीवर तीन-तीन दिव्यांमागे बसवलेला रेझिस्टर १२ व्होल्टच्या हिशेबाचा. निळ्या रंगाचे तीन दिवे मिळून साधारण साडेनऊ व्होल्ट खातात, उरलेले अडीच रेझिस्टर खातो. चालत्या गाडीत त्याच्या वाट्याला अडीचऐवजी पावणेपाच येतात. करंट दीडपटीच्या वर जातो, पट्टी तापते, मागचा चिकटपट्टा सुटतो आणि एके दिवशी पट्टी ब्रेकच्या पेडलजवळ लोंबायला लागते. माझी लोंबत होती. याहून वाईट म्हणजे एक तार पुढच्या काचेच्या कडेच्या खांबातून, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या वरून नेलेली होती. अपघातात जी पिशवी क्षणार्धात उघडायची, तिच्या तोंडावर आम्ही मुसक्या बांधल्या होत्या. कशासाठी? दाराचा खिसा गुलाबी दिसावा म्हणून.

कोणी म्हणेल, या काकांना रंगांचं वावडं आहे. मुळीच नाही. गणपतीत मंडळाच्या माळा मी स्वतः बांधल्या आहेत. पण मांडवातसुद्धा एमसीबी लावल्याशिवाय आम्ही माळ पेटवत नव्हतो. आणि एलईडीबद्दल मला आदरच आहे. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली आला. निळा नीट पेटायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांनी त्यासाठी उमेदीची वर्षं खर्ची घातली आणि २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा आला म्हणून पांढरा आला, घराघरांतला विजेचा खर्च उतरला. तीन दशकांची ती तपश्चर्या आम्ही पायपुसण्यावर सांडून ठेवली, तीसुद्धा उघड्या तारेने.

तोच निळा रात्री गाडी चालवणाऱ्याचा वैरी आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडानेच सगळ्यात लवकर दिपतात. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर तुमचा डॅशबोर्ड काचेत उलटा उमटतो आणि त्या निळ्या प्रतिमेच्या आड एखादी म्हैस उभी असते. म्हशीला पार्किंग लाइट नसतात.

हे झालं आतलं. बाहेर दिवे लावणाऱ्यांना तर दंडवत. पुढच्या बाजूला लाल दिवा नको आणि मागच्या बाजूला, ठरवून दिलेले अपवाद सोडून, लालखेरीज दुसरा नको, या नियमामागे साधी अक्कल आहे. काळोखात समोरची गाडी येते आहे की जाते आहे, हे रंगावरून कळावं. १ मे २०१७ पासून सरकारने मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या टपावरचे लाल दिवे उतरवले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण तो दिवा गेला कुठे? टपावरून उतरून गल्लीतल्या भावी नगरसेवकाच्या गाडीच्या जाळीत शिरला. आता तो लालही होतो, निळाही होतो आणि गाण्यावर नाचतोही. पूर्वी निदान दिव्याखाली एखादं खातं असायचं.

एवढा सगळा राग खिशात भरून मी ज्या दुकानात हे काम करून घेतलं होतं तिथे गेलो. ‘इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे माझ्याकडे,’ हे वाक्य रस्त्यात दोनदा घोकलं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग गल्ल्याखालचं बिलबुक काढलं, पानं चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. “साहेब, मी तुम्हाला विचारलं होतं. वेगळा फ्यूज आणि किल्लीवरचं कनेक्शन पाहिजे असेल तर दोनशे रुपये जास्त. तुम्ही म्हणालात, राहू द्या. हे बघा, साधं फिटिंग लिहिलंय.”

लिहिलं होतं. आणि मला आठवलंही. त्या दिवशी मी पट्टी किती मीटर, रंग किती, गाण्यावर नाचते का, हे अर्धा तास विचारलं होतं. पुडक्यावर १,६७,७७,२१६ रंग छापले होते, त्यातला एकही मी कमी करायला तयार नव्हतो. कमी केले ते दोनशे रुपये. डिप्लोमावाल्या माणसाने.

याचा अर्थ दुकानदार सुटला असा नाही. एअरबॅगवरून तार नेणं हे दोनशे रुपयांत बसत नाही आणि फुकटातही बसत नाही. ज्याला उघडी तार दिसते त्याने ‘गिऱ्हाईक नको म्हणालं’ हे सांगून हात झटकायचे नसतात. पण त्याचं एक वाक्य मला अजून टोचतं: “साहेब, रंग सगळे मागतात. फ्यूज आजपर्यंत कोणी मागितला नाही.” हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. साफ खोटं. हौसेला आपण तोंडाला येईल ते मोल देतो. घासाघीस करतो ती जे दिसत नाही त्याच्यावर. टाइल्स इटालियन आणि आतला पाइप कच्चा, मांडव लाखाचा आणि जनरेटर भाड्याचा सगळ्यात स्वस्त, गाडीचे दिवे दीड कोटी रंगांचे आणि खाली टेप. जळतं तेव्हा मात्र आपण शॉर्टसर्किटला शिव्या देतो, जणू शॉर्टसर्किट हा कोणी बाहेरगावचा गुंड आहे.

पुढच्या रविवारी मी सगळं उपटलं. नाना पेठेतून गाडीची म्हणून मिळणारी जाड तार, लग आणि आकसणारी स्लीव्ह आणली. फ्यूजबॉक्समध्ये किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी जागा टेस्टरने शोधली, तिथे ३ अँपियरचा वेगळा फ्यूज बसवला. पत्र्याच्या बोल्टखालचा रंग खरवडून अर्थ घेतली. दारं आणि खांब सोडून दिले. पाच मीटरमधली एक मीटर ठेवली, पायांशी, सीटच्या सरकपट्ट्यांपासून लांब. ब्लूटूथच्या डबीला निरोप दिला, तिच्या जागी टपरीवर मिळणारं साधं बटण. रंग एकच, मंद पिवळा, पडलेलं नाणं सापडण्यापुरता. सगळं मिळून पाचशेच्या आत आणि एक दुपार.

त्या रात्री गाडी लावली तर वॉचमन आत डोकावत होता. त्याने पिवळ्या उजेडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. किल्ली काढताच तो उजेडही विझला.

“साहेब,” तो हळहळत म्हणाला, “दिवे बिघडले का?”