दूध रोखणारा खासदार

वसुबारसेला सवत्स धेनूचे पूजन करावे असा आपला धर्माचार असला, तरी ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या इमारतींच्या दाटीत गाय-वासरू मिळणे आता दुर्घट झाले आहे. कल्याणच्या दूध नाक्यावर किटली घेऊन उभे राहणारी पिढीही विरळ होत चालली, आणि पहाटे दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीखेरीज गोधनाशी आपला अन्य संबंध उरलेला नाही. त्या पिशवीची विचारपूस आपण ती न आली तरच करतो. जुलै २०१८ मध्ये ती करण्याचा प्रसंग ज्यांनी आणला, त्या शिरोळच्या राजू शेट्टी यांचे स्मरण या अंकाच्या आरंभी करावेसे वाटते.

ऊस चार दिवस शिवारात उभा राहील, कांदा चाळीत पडून राहील. दुधाला तेवढी मुभा नाही. धार काढली की ते संस्थेत घालावेच लागते, फॅट जे लागेल ते आणि संघ देईल तो दर मुकाट्याने पत्करावा लागतो, आणि सायंकाळी पुन्हा तेच. कोल्हापूरकडे दिवाळीच्या तोंडावर दूधफरकाची, म्हणजे संघाने नंतर ठरविलेल्या दरातील फरकाची, रक्कम खात्यावर पडते, तेव्हा कित्येक घरांतला सणाचा बाजार होतो. ती रक्कम ठरविण्याचा अखत्यार ज्यांच्याकडे, त्यांचा शब्द गावोगाव चालतो. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ या कोल्हापूरच्या दूध संघाच्या २०२१ मधील निवडणुकीत सतेज पाटील, हसन मुश्रीफ आणि महाडिक या मातब्बरांनी विधानसभेच्या ईर्ष्येने कंबर कसली, यात मग नवल ते काय?

शेट्टी या खुर्चीच्या वाटेने आले नाहीत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडलेला हा कार्यकर्ता २००२ मध्ये जिल्हा परिषदेत, २००४ मध्ये विधानसभेत आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेत गेला, तो मतांबरोबर लोकांकडून वर्गणीच्या नोटाही मागून. (उमेदवाराने मतदाराकडे पैसे मागावेत, हा आपल्याकडे उलटाच व्यवहार!)

सरकारी दर २७ रुपये असताना गाईच्या दुधाचे लिटरमागे सतरा-अठरा रुपये हाती पडू लागले, तेव्हा दोनदा निवडून आलेला हा खासदार १६ जुलै २०१८ पासून रस्त्यावर उतरला. मुख्य मागणी होती: लिटरला पाच रुपये अनुदान, आणि तेही थेट उत्पादकाच्या खात्यावर. गुजरातचे दूध अडविण्यासाठी ते स्वतः पालघर जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या मुलुखात, ठाण मांडून बसले. रस्त्यावर ओतलेले दूध पाहून शहरवासी हळहळले. ती हळहळ खोटी नव्हती, पण त्याच दुधाला गोठ्यात काय भाव मिळतो हे ठाऊक नसल्यामुळे ती अपुरी होती, असे आमचे मत आहे. आंदोलनाच्या चौथ्या दिवशी नागपूरला भरलेल्या विधिमंडळाच्या अधिवेशनात २५ रुपये दर मान्य झाला. अनुदान मात्र उत्पादकाऐवजी संघांच्या हवाली झाले.

गाईच्या कानात बिल्ला हवा आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी, अशा अटी घालून का होईना, पाच रुपये थेट उत्पादकाच्या खात्यावर जमा करण्याची योजना पुढे २०२४ च्या आरंभी अमलात आली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राजू शेट्टी हातकणंगल्यात तिसऱ्या क्रमांकावर राहिले.