मॅट्रिक झाली, पुढे काय?

माझी आत्या १९६१ साली मॅट्रिक झाली. आजोबांनी पेढे वाटले, "पोरीनं नाव काढलं" असं गल्लीभर झालं, आणि पुढच्याच वैशाखात तिचं लग्न लागलं. "मॅट्रिक झाली, आता आणखी काय शिकायचं राहिलं?" हे आजोबांचं वाक्य ती अजूनही त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवते. परवा नातीची कॉलेजात ॲडमिशन झाली तेव्हा तिनं मला विचारलं, "अगं, मॅट्रिक म्हणजे नेमकं गं काय?"

मला सांगता येईना. घरी येऊन शब्दकोश उघडला आणि मैत्रिणींनो, चाटच पडले! मॅट्रिक म्हणजे परीक्षा पास होणं नव्हेच मुळी. मूळ शब्द मॅट्रिक्युलेशन, अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव चढवणं. लॅटिनमध्ये 'मात्रिकुला' म्हणजे छोटी यादी. ती निघाली 'मात्रिक्स'वरून. मात्रिक्स म्हणजे नोंदवही, पण त्याआधी त्याचा अर्थ होता गर्भाशय. आणि त्याच्याही मागे 'मातेर', म्हणजे आई, आपल्या 'माते'ची सख्खी बहीणच. ऑक्सफर्डला आजही नव्या विद्यार्थ्यांना काळे झगे घालून समारंभानं पटावर घेतात, त्याला हेच नाव आहे. तिथे मॅट्रिक झाला म्हणजे शिक्षण सुरू झालं.

मग आपल्याकडे ते संपलं कसं? मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं. तिथली प्रवेशपरीक्षा या नावानं ओळखली जायची, तीच इथे आली. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर पास झाले आणि पुढेही शिकले. पण मॅट्रिकवर कारकुनी मिळू लागली आणि बहुतेकांना तेवढंच पुरलं. दाराचंच घर झालं! पुढे अकरावीची दहावी झाली, तरी शब्द तोंडात राहिलाच.

मुलींना तर आधी ते दारही बंद होतं. नियमांत सगळीकडे 'तो' असं पुल्लिंगी लिहिलेलं. त्यात 'ती'ही धरायची, हे विद्यापीठानं ठरवलं १८८३ साली. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, पदवी मात्र हातात पडली १९२२ साली. कारण तिथल्या पटावर बायकांची नावं रीतसर चढू लागली तीच मुळी १९२० मध्ये. आईच्या शब्दातून निघालेली यादी, आणि तिच्यात लेकींनाच जागा नाही!

आपली मराठीही काही कमी नाही. शाळेत नाव 'घालतात'. मुलगी चमकली की तिनं नाव 'काढलं', आणि लग्न ठरलं की शाळेतून तिचं नाव 'काढलं'. आत्याच्या वाट्याला दोन्ही एकाच वर्षात आलं. आजोबांना मी दोष देत नाही, त्यांनी अकरावीपर्यंत शिकवलं हेच त्या काळी पुष्कळ होतं. पण आज, बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या मुलीचा फॉर्म "यंदा राहू दे, स्थळ बघतोय" म्हणून कपाटात पडतो, तेव्हा माझा जीव तुटतो. स्थळ थांबतं हो, कॉलेजची तारीख थांबत नाही. आणि निदान पटावर नाव असलेली मुलगी सासरी "माझी परीक्षा आहे" असं म्हणू तरी शकते. नाव नसलेलीनं काय म्हणायचं?

हे सगळं मी शेजारच्या वहिनींना सांगत होते. त्यांची बारावी झाल्याला एकोणीस वर्षं झाली. "या वयात कुठे, वहिनी?" असं त्यांना इतक्या जणींनी ऐकवलंय की आता त्या स्वतःच आधी म्हणतात. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठीच तर आहे. दुसऱ्या दिवशी त्या ट्रंकेतली मार्कशीट घेऊन आल्या. मार्कशीटवर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. लग्नाचा दाखला लागेल म्हटल्यावर कळलं की लग्नाची नोंद केलेलीच नाही! भाऊजी म्हणाले, "पत्रिका आहे ना, फोटोही आहेत. सोमवारी नगरपालिकेत जाऊ." आता लग्नाच्या सतराव्या वर्षी दोघं सोमवारची वाट बघताहेत.